एकटीचा फोटो

मी फोटो चांगले काढते. हे दुसऱ्या कुणी म्हणायची वाट बघत बसले असते, तर कोल्हापुरात केस पांढरे झाले असते. आमच्याकडे कौतुकाची तऱ्हाच निराळी. फोटो आवडला की माणूस म्हणतो, "भारी काडलायस की!" आणि त्याच दमात खिशातला मोबाईल पुढं करतो, "पाठव ह्याच्यावर." पाठवला की त्याचं कौतुक संपतं. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण शेतकऱ्यानं केली असं सगळे समजतात. मला विचाराल तर ती एखाद्या फोटोग्राफरनं केली असणार.

हा धंदा बाबांचा. पेठेतला आमचा स्टुडिओ म्हणजे एक छोटा गाळा, मागं निळा पडदा, एक फिरतं स्टूल आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे 'मोठे फोटो'. मोठा फोटो म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला विचारावं लागत नसे. घरातलं कुणी गेलं, की लोक लग्नाच्या अल्बममधून, शाळेच्या ग्रुप फोटोतून त्याचा चेहरा शोधून आणायचे. बाबा तो वेगळा काढायचे, मोठा करायचे, शर्ट विटलेला असला तर त्यावर कोट चढवायचे आणि काचेच्या फ्रेममध्ये घालून द्यायचे. दहाव्याच्या आत फ्रेम तयार, हा बाबांचा शब्द होता आणि तो कधी चुकला नाही.

बाबा गेले तेव्हा त्यांचा मोठा फोटो करायला मी बसले, तर घरात त्यांचा एकही फोटो सापडेना. निगेटिव्हचे डबे उपसले, हार्ड डिस्क धुंडाळल्या. अर्ध्या कोल्हापूरची लग्नं सापडली. बाबा कुठंच नव्हते, कारण प्रत्येक फोटोत ते कॅमेऱ्याच्या मागं होते. दिव्याखाली अंधार कसा असतो, ते मी त्या दिवशी बघितलं. शेवटी आधार कार्डावरचा नखाएवढा चेहरा मोठा केला. तोच आज भिंतीवर आहे, धूसर आणि जरा दचकलेला. आई त्याला रोज हार घालते, पण त्याच्याशी बोलत नाही. "हे तुझं बाबा न्हवंत. हे कार्डातलं कोण तरी हाय," असं ती एकदाच म्हणाली. ते मला अजून लागतं.

बाबांच्या मागं गाळ्याचं काय करायचं, यावरून दादाचं आणि माझं जुंपलं. दादा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर आहे. प्रत्येक गोष्टीचं रोजचं उत्पादन किती, हे विचारायची त्याला सवय. मोबाईलची कव्हरं विकणारा एक जण गाळा भाड्यानं मागत होता. "पासपोर्ट फोटू आता लोकं घरात काडत्यात," दादा म्हणाला, "तू कुणाचं काय काडणार?" मी म्हणाले, मी इंटरनेटवर विकणार. माझी वेबसाइट करणार, त्यावर माझे फोटो लावणार, ज्याला हवा तो मागवेल, मी मोठा छापून पाठवीन. दादा हसला. मला हसलेलं खपत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, तरी हसला. मग पैज ठरली. पुढच्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत माझा एक तरी मोठा फोटो वेबसाइटवरून विकला गेला पाहिजे. "आणि पै-पावण्यात खपवायचा न्हाय," दादानं बजावलं. "तुला वळखत न्हाय असल्या माणसानं भितीला लावाय घेटला पायजे." नाहीतर गाळा कव्हरवाल्याचा. आईनं दोघांकडं बघितलं आणि "व्हय" म्हणाली. आमच्या घरात आईचं 'व्हय' म्हणजे स्टॅम्पपेपर.

पहिले काही महिने मी जे करायचं ते सगळं केलं आणि जे करू नये तेही केलं. सोशल मीडियावर रोज एक फोटो टाकत गेले. त्यावर लाइकचे बदाम पडायचे, भरभरून पडायचे, पण बदामांनी गाळा राहत नाही. जाहिरातवाले जिथून फोटो उचलतात अशा एका परदेशी साइटवर मी गुऱ्हाळाचा फोटो ठेवला. तो विकला गेला, पण मिळाले ते एका मिसळीलाही पुरले नसते. शिवाय तो कुठल्या भिंतीवर लागला नव्हता, त्यामुळं दादाच्या हिशेबी धरायचा नव्हताच. फोटोग्राफरांचे ग्रुप असतात, तिथं सगळे फोटोग्राफरच असतात. एकमेकांना वा वा करतात. आपला माल आपणच हुंगायचा, तसला प्रकार.

चोरी होऊ नये म्हणून मी प्रत्येक फोटोवर मधोमध, तिरकं, स्टुडिओचं नाव आणि नंबर टाकू लागले. एका सकाळी चौकात आले तर समोर दहा फुटी डिजिटल. फ्लेक्सला आमच्याकडे डिजिटल म्हणतात, आणि वाढदिवसाला ते लागलं नाही तर माणूस वाढला असं धरत नाहीत. पेठेतल्या एका फुटबॉल संघाच्या गोलकीपरचा वाढदिवस होता. फोटो माझा, वेबसाइटवरून उचललेला, आणि गोलकीपरच्या नाकावरून माझं नाव हातभर अक्षरांत गेलेलं. मी तडक मंडळात जाऊन आवाज चढवला. ती मंडळी चकित झाली. "ताई, तुमचं नाव हाय म्हणून तर तसाच ठेवला की! नाव नसल्यावर कुणालाबी वाटायचं, मोबाईलवर काडलाय." त्यानंतर त्याच पेठेतून दोन जण आले. त्यांनाही फोटो हवे होते, पण नाकावर नाव पाहिजे होतं. मी नाव टाकून दिलं आणि नावाचे वेगळे पैसे घेतले.

पोट चाललं ते कारखान्यांवर. एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांना स्वतःची वेबसाइट होती, पण त्यावरचे सुट्या भागांचे फोटो असे, की बघणाऱ्याला वाटावं भंगार विकायला काढलंय. मी त्यांचं ओतकाम नवरदेवासारखं उजेडात बसवलं आणि फोटो काढले. लोखंडाला नखरे नसतात, ते डोळे मिटत नाही. पहिलं काम दादाच्याच कंपनीत मिळालं. त्याच्या साहेबानं माझे फोटो बघून त्याला बोलावलं आणि विचारलं, ह्या तुमच्या कोण? त्या दिवशी दादानं येताना माझ्यासाठी भडंग आणला. पैज मात्र तशीच राहिली.

हळूहळू मला उमगलं, की अनोळखी माणूस नुसता फोटो घेत नाही. तो कुठं लागेल, केवढा दिसेल आणि त्यातलं माणूस कोण, हे त्याला कळावं लागतं. मग मी वेबसाइटवर फक्त तीस फोटो ठेवले. प्रत्येक फोटो भिंतीवर, शेजारी खुर्ची ठेवून दाखवला आणि खाली चार ओळी साध्या मराठीत लिहिल्या. त्यात पहिला फोटो गडमुडशिंगीच्या म्हातारीचा.

तो मी आदल्या पाडव्याला काढला होता. पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात आणि मिरवतात. गडमुडशिंगीत एका दारात ही म्हातारी लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालून उभी होती. हात म्हशीच्या ताज्या रंगवलेल्या शिंगावर. रंग तिच्या तळव्याला लागला, ती आपल्याच हाताकडं बघून हसली, आणि तोंडात एकही दात नसलेलं ते हसू मी पकडलं. "काडू का?" असं मी आधी विचारलं होतं. "काड की, फोटूनं काय म्हस आटती व्हय!" असं ती म्हणाली होती. त्यावर मी समाधान मानलं होतं. फोटोत म्हशीचं फक्त शिंग आलं होतं. बाकी सगळी म्हातारी.

पुढचा पाडवा बारा दिवसांवर आला असताना वेबसाइटवरचा नंबर बघून पुण्याहून फोन आला. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. माझी त्यांची ओळख ना देख. "तोंडात एकही दात नाही आणि एवढ्या मोकळ्या हसतायत," त्या म्हणाल्या. "माझे पेशंट तोंड उघडायला घाबरतात. त्यांच्या समोरच्या भिंतीवर मला हाच फोटो हवाय, तुमच्याकडं आहे तो सगळ्यात मोठा." मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मग त्या म्हणाल्या, "आजींची लेखी परवानगी असेल ना? रोज माणसं बघणार, आणि मला तो दवाखान्याच्या कार्डावरही छापायचाय. त्यांना न विचारता नको." मी म्हणाले, आहे. फोन ठेवल्यावर खोटं बोलल्याचं कळलं.

एका कागदावर मराठीत परवानगीचा मजकूर लिहिला. आणि नुसता कागद नाचवत कसं जायचं, म्हणून मला एक नामी कल्पना सुचली. म्हातारीचा फोटो मोठा छापला, उत्तम काचेची फ्रेम केली, तपकिरी कागदात गुंडाळली आणि गाडी काढून गडमुडशिंगी गाठली. वाटेत स्वतःवर इतकी खूश होते, की दोनदा वळण चुकले.

दारात तिची सून होती. ओळख सांगितली, कागद फाडला आणि फ्रेम उजेडात धरली. सुनेचा चेहरा पांढरा पडला. तिनं पदर तोंडाला लावला. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई धावत आली. तिनं लांबूनच फ्रेम बघितली होती. येतायेताच तिनं सूर लावला, "आगं कवा गेली गं! सकाळी तर डेअरीला दूध घालाय आलती की गं!" तिच्यामागं आणखी दोघी आल्या. एकीनं सुनेला मिठीत घेतलं. सून बिचारी "न्हाय वं, न्हाय वं" म्हणत होती, पण तिचं ऐकतंय कोण?

मग गोठ्यातून आवाज आला. "हितं जित्ती हाय मी! दिसत न्हाय व्हय?"

म्हातारी शेणाच्या हातानं बाहेर आली. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या, आणि सगळ्यांनी मिळून माझ्याकडं बघितलं. म्हातारीनं फ्रेमकडं बघितलं. काचेत तिचा हसरा चेहरा आणि काचेबाहेर तिचा तो चेहरा, दोन्ही एकदम बघणं मला जमेना.

"एकटीचा फोटू," ती म्हणाली. "काच लावून. मरायच्या आधीच मला भितीला टांगाय आणलास व्हय गं?"

ज्या पोरीच्या बापानं जन्मभर गेलेल्या माणसांचे मोठे फोटो केले, तिला हे कळू नये? एकट्या माणसाचा मोठा फोटो काचेत घालून घरात लावला, की आमच्याकडं त्याला हारच शोभतो. मला हे माहीत होतं, अगदी चांगलं माहीत होतं. पण दिवसभर इंटरनेटवर जगाचे एकेकट्याचे फोटो बघून मी ते विसरले होते. कानाखाली बसल्यासारखं झालं. खिशातला परवानगीचा कागद मी तिथं काढलाच नाही असं नाही. काढला, कारण मी निर्लज्ज आहे. डॉक्टरीणबाईंचं घाईघाईनं सांगितलं. "कागूद बी घिऊन जा आणि तिला बी," म्हातारी फ्रेमकडं बोट करून म्हणाली आणि पुन्हा गोठ्यात गेली.

फ्रेम घरी आणली तर आईनं उंबऱ्यावरच अडवलं. "जित्त्या माणसाचा तसला फोटू घरात नगं." मग ती गाळ्यात निळ्या पडद्यामागं उलटी करून ठेवली. पाडव्याला आठ दिवस उरले होते. कव्हरवाला एकदा येऊन भिंतीची मापं घेऊन गेला. खरं सांगते, कागदावर मीच अंगठा उठवावा, असं माझ्या मनात आलं. पुण्यात बसून कोण ताडून बघणार होतं? शाईचा डबा बाबांच्या खणात होता, मी तो काढलासुद्धा. मग बाबांचा निळा पडदा दिसला आणि डबा परत ठेवला. गाळा गेला तर जाऊ दे, पण तो अंगठ्यानं राखला असं नको.

पाडव्याच्या तीन दिवस आधी सुनेचा फोन आला. "आत्तींनी बोलवलंय. लगीच या म्हणत्यात." सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. मी गेले, पण ह्या वेळी फ्रेमशिवाय; कॅमेरा आणि तो कागद तेवढा पर्समध्ये.

म्हातारी अंगणात खाटेवर बसली होती. मला शेजारी बसवलं आणि वकिलासारखे प्रश्न सुरू केले.

"त्या डाक्टरनीच्यात फोटूला हार घालत्यात का?"

"नाही."

"उदबत्ती?"

"नाही, आजी. दवाखाना आहे तो."

"मग मान्सं माझ्याकडं बगून करत्यात काय?"

"हसतात. तुम्हाला बघून हसतात आणि मग डॉक्टरसमोर तोंड उघडतात."

ती एकदम हसली, तसंच, फोटोतल्यासारखं. "दात न्हाईत म्हून दाताच्या दवाखान्यात? आं? आगं, मग लाव की तितं! हितं भितीवर गेली तर मी मेल्याली. तितं मी जित्तीच हाय की!"

सुनेनं शाई आणली, तर म्हातारीनं ती बाजूला सारली. "अंगठा कशापायी? सई येती मला." मी कागद दोनदा वाचून दाखवला. ती सही करायला लागली. एकेक अक्षर नांगरटीसारखं, दम घेत घेत. मी कधी कुणाच्या सहीकडं इतकी टक लावून बघितलं नव्हतं.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, तशी ती म्हणाली, "आता घरात लावाय माझा फोटू पायजे. पर एकटीचा नगं." मी लगेच कॅमेरा काढला आणि सुनेला म्हणाले, बसा आजींजवळ. म्हातारीनं मला थांबवलं.

"तिच्या संगं ढीगभर हाईत मोबाईलमधी. तू सांग, तुझा फोटू कोण काडतं?"

मी आठवत राहिले. दहावीच्या हॉलतिकिटानंतर नीटसा एकही फोटो मला आठवला नाही.

"ये हिकडं," ती म्हणाली. "उबी ऱ्हा माज्या शेजारी. दोगी असल्यावर कुणी रडत येत न्हाय."

सुनेच्या हातात मी कॅमेरा दिला आणि कुठलं बटण ते दाखवलं. म्हातारीनं माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याला शेणाचा वास होता. सुनेनं फोटो काढला. तो तिरका आला, माझं कपाळ वरून कापलं गेलं, आणि मागं म्हैस शेपूट उडवताना आली. मी इतका वाईट फोटो काढणाऱ्याला स्टुडिओत उभं केलं नसतं. तो मी तसाच छापला, एक रेषही सरळ केली नाही. आज गडमुडशिंगीत तो दाराच्या समोर लागलेला आहे.

पुण्याचं खोकं पाडव्याच्या आदल्या दिवशी गेलं. दादा स्वतः उचलून कुरिअरला घेऊन गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "भितीलाच लावणार न्हवं ती? का नुसतंच कपाटात ठिवणार?" मी म्हणाले, जाऊन बघून ये आणि येताना दात दाखवून ये. त्यानं कव्हरवाल्याला माझ्यासमोर फोन लावला आणि दुसरीकडं बघा म्हणून सांगितलं. मी त्याच्याकडं बघून हसले. त्याचं हसणं मी एक वर्षभर सांभाळून ठेवलं होतं, ते परत केलं.

पाडव्याच्या दिवशी मी आईला तो तिरका फोटो दाखवला आणि म्हातारीनं मला शेजारी कसं बोलावलं ते सांगितलं. वेबसाइटवर तो मी ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही. आईनं चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग मान वळवून भिंतीवरच्या, आधार कार्डातल्या बाबांकडं बघितलं.

"त्यास्नी कुणी असं म्हटलंच न्हाय बघ," ती म्हणाली. "ये हिकडं, शेजारी उबा ऱ्हा, म्हून."

मीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांचा कॅमेरा पुसला, गळ्यात घातला, आणि तो एकदाही त्यांच्याकडं वळवला नाही.

मी कॅमेरा स्टँडवर लावला आणि टायमर दिला. आईनं हार सारखा करून बाबांची फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि मांडीवर घेतली. मी पळत जाऊन दोघांच्या शेजारी उभी राहिले.